खट्ट वाजलं, पुढे काय? रायफल आणि मॅगझिन जुळवताना

विधानसभेची निवडणूक झाली, निवडणुकीपुरती जमा केलेली परवान्याची हत्यारं परत मिळाली, आणि आठवड्याभरात आमच्या कोरेगाव तालुक्यातले दोघे जण ओट्यावर येऊन बसले. दोघांकडे ईशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल. दोघांचं रडगाणं मॅगझिनचं, म्हणजे काडतुसं भरायच्या खालच्या पेटीचं, पण वेगवेगळं.

"फौजी, बसतंय बगा. खट्ट वाजतंय बी. पर बोल्ट काडतुसाच्या वरनंच निघून जातोय," आण्णा म्हणाले. (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा.)

"आन् माजं बसतंय, पर जरा झटका बसला की खाली येतंय," तात्यांनी स्वतःचं सांगितलं.

फौजेत मी आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. आता दुरुस्ती करत नाही, कारण त्याला वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडे नाही. मालकासमोर बघायचं, कारण सांगायचं आणि परवानाधारक कारागिराकडे पाठवायचं, एवढंच करतो. त्या दिवशी तर बघायचीही फारशी गरज पडली नाही. रायफली आणताना दोघांनी मॅगझिन काढून एकाच फडक्यात बांधली होती आणि घरी गेल्यावर ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं लावलं होतं. अदलाबदल केली, आण्णांची रायफल सुतासारखी चालायला लागली. तात्यांचं मॅगझिनही त्यांच्या रायफलीत घट्ट बसलं, पण काडतूस काही सोडेना. कारण मधल्या चार दिवसांत आण्णांनी ते आपलंच समजून त्याचे ओठ, म्हणजे वरच्या आत वळलेल्या कडा, पक्कडीनं दाबले होते.

हा लेख त्या पक्कडीमुळे लिहितोय. मॅगझिनची तक्रार आली की पहिला हात अवजाराकडे जातो, आणि नेमका तोच शेवटी जायला हवा. खाली सांगितलेल्या क्रमानं गेलात तर दहांतल्या बऱ्याच तक्रारी अवजाराला हात न लावता सुटतात. उरलेल्या कारागिराकडे नेताना निदान काय बिघडलंय ते तुम्हाला नेमकं सांगता येईल. बाराबोरवाल्यांना यातलं फारसं लागू नाही. दुनळीला मॅगझिनच नसतं, सुखी माणसं.

आधी रिकामी, मग बाकीचं

क्रम चुकवायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला. बोट ट्रिगरपासून लांब. पहिल्यांदा मॅगझिन उतरवा आणि मग बोल्ट मागे घ्या. उलटं केलंत, म्हणजे मॅगझिन आत असताना बोल्ट मागे-पुढे केलात, तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या घरातलं, काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं दुसरं त्याच्या जागी जाऊन बसतं. तुम्हाला वाटतं रायफल रिकामी झाली. बोल्ट मागे ठेवून चेंबरमध्ये उजेडात बघा, आणि बघून झाल्यावर करंगळी घालून चाचपा. डोळा फसतो, बोट फसत नाही. फौजेत 'जाँच शस्त्र'चा हुकूम रोज का देतात ते पहिल्या वर्षी कळत नाही, नंतर कळतं.

तपासणीच्या टेबलावर जिवंत काडतूस असता कामा नये. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात. लहान मुलं घरात असतील तर त्यांना शेजारी पाठवा, आणि फोन बाजूला ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. १९५९च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणून मॅगझिन म्हणजे सायकलची चेन नव्हे की दिसलं तिथून उचललं. परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन, परवान्यावरच्या हत्यारासाठीच घ्यायचं. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. गावातला लेथवाला कितीही हुशार असला, शिरोळीच्या फौंड्रीत वीस वर्षं काढलेला असला, तरी त्याच्यापुढे मॅगझिन ठेवू नका. तुम्ही अडकाल आणि त्यालाही अडकवाल.

कोणत्या रायफलीचं कोणतं मॅगझिन

नळीवर कोरलेला बोअर, म्हणजे नळीचं माप, वाचा. परवान्यावर लिहिलंय तेच नळीवर आहे का ते पाहा. मग मॅगझिनवर काही आकडा किंवा खूण असेल तर ती भिंगानं वाचा आणि वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी भांडणं इथेच मिटतात.

ईशापूरची .३१५ ही जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर उभी आहे. त्यामुळे .३०३चं मॅगझिन तिच्यात 'जवळजवळ' बसतं, आणि हा 'जवळजवळ'च घात करतो. .३०३ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, ५६ मिलिमीटर लांब, .३१५ची ५०. दोन्हींना मागे बाहेर आलेली रिम, म्हणजे बुडाची कड, आहे, पण अंगाचा उतार वेगळा, खांदा वेगळ्या जागी. पेटी आत शिरेल, खट्ट वाजेल, आणि काडतूस तिरकं होऊन अडेल. शिवाय .३०३ सैनिकी बोअर असल्यानं सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. आजोबांच्या ट्रंकेत तिचं मॅगझिन सापडलं तर ते लावून बघण्याऐवजी परवाना शाखेत जाऊन विचारा.

१९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं याच घडणीत ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, २ए आणि पुढे २ए१. तिचं मॅगझिन चौकोनी दिसतं, कारण त्या काडतुसाला बाहेर आलेली रिमच नाही. शेजारी ठेवली तर कुणालाही ओळखू येतील, अडचण तेव्हा होते जेव्हा समोर एकच असतं आणि विकणारा म्हणतो, "साहेब, सगळी सारखीच."

एनसीसीत ज्यांनी .२२ नंबर २ मार्क ४ हाताळली त्यांना एक गंमत आठवत असेल. तिला खाली चांगलं ढळढळीत मॅगझिन दिसायचं, पण काडतूस एकेकच भरावं लागायचं. ते .३०३चं रिकामं खोकं असतं, आत स्प्रिंग नाही, प्लॅटफॉर्म नाही. झाडलेल्या पुंगळ्या त्यात पडतात. 'मॅगझिन आहे पण राउंड वर येत नाही' अशी तक्रार घेऊन एक कॅडेट माझ्याकडे आला होता. त्याला काय सांगणार?

खेळातल्या .२२ लाँग रायफल बोअरच्या मॅगझिनमध्येही हीच भानगड. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांना कधी एकच मॅगझिन चालतं, कधी नाही. .२२ मॅग्नमचं काडतूस त्याहून लांब, त्याचं मॅगझिन वेगळं. नावात .२२ आहे म्हणून विकत घेऊ नका. रायफल दुकानात नेऊन, दुकानदारासमोर रिकामी करून, लावून बघून घ्या.

एक जुनी गोष्ट, जिच्यामुळे बाकीचं समजतं

सुटं होणारं पेटीचं मॅगझिन जेम्स पॅरिस ली यानं एकोणिसाव्या शतकात काढलं आणि त्याचंच नाव ली-मेटफर्ड, ली-एनफिल्डला लागलं. पण ब्रिटिश फौजेनं ते सुटं करण्यासाठी वापरलंच नाही. काडतुसं वरून भरायची, मॅगझिन रायफलीलाच ठेवायचं, साफसफाईपुरतं काढायचं. सुरुवातीच्या रायफलींवर तर मॅगझिन हरवू नये म्हणून छोट्या साखळीच्या कडीनं रायफलीला बांधलेलं असायचं.

म्हणजे ते त्या एकाच रायफलीबरोबर संसार करायला बनलं होतं. कारखान्यात बसवताना त्या रायफलीच्या कॅचप्रमाणे (मॅगझिन अडकवून धरणारी खिट्टी), त्या बॉडीप्रमाणे (बोल्ट आणि मॅगझिन जिच्यात बसतात तो धातूचा भाग) ते बसवलं जायचं. पुढे वापरानं दोघं एकमेकांना सरावतात: कॅच थोडा झिजतो, खाच थोडी झिजते, ओठ थोडे फाकतात. .३१५ला हा वारसा मिळालाय. आण्णा-तात्यांची मॅगझिन एकाच कारखान्याची, एकाच नमुन्याची, तरी एकमेकांच्या रायफलीत नांदली नाहीत त्याचं कारण हेच. आजकालच्या रायफलींची मॅगझिन बदलून वापरता यावीत म्हणूनच बनतात. जुन्या घडणीकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

मॅगझिन हातात घेऊन

आता रायफल बाजूला. रिकामं मॅगझिन हातात घ्या आणि टॉर्च लावा.

पेटीच्या चारही बाजूंवरून अंगठा फिरवा. उथळ पोचा डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागतो. बाहेरून पोचा म्हणजे आतून फुगवटा, आणि त्या फुगवट्याशी प्लॅटफॉर्म अडतो. प्लॅटफॉर्म म्हणजे आतली ती पट्टी जिच्यावर काडतुसं उभी राहतात. खेळातले लोक तिला फॉलोअर म्हणतात. बोथट लाकडी काडीनं, आमच्याकडे मी कुल्फीची काडी वापरतो, ती तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. वर येताना ती कुठे क्षणभर थबकते का? एका बाजूला कलते का? परत एकदा, आणि परत एकदा. तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थबकली तर पोचा किंवा गंज तिथेच. दर वेळी वेगळीकडे थबकली तर घाण किंवा उलटी बसलेली स्प्रिंग.

उलटी स्प्रिंग हा घरच्या साफसफाईचा प्रसाद. मॅगझिन खोलताना फोटो काढून ठेवत नाहीत आणि मग आठवणीनं बसवतात.

आता ओठ. वरची दोन्ही बाजूंची आत वळलेली कड, जी काडतूस उडू न देता धरून ठेवते. दोन्ही ओठ सारखे आहेत का, हे वरून न बघता मागून, मॅगझिन डोळ्याच्या उंचीवर धरून बघा. एका ओठावर चकाकी जास्त असेल तर काडतूस तिथे घासतंय. कडेला केसासारखी चीर दिसली तर ते मॅगझिन तिथंच निवृत्त करा. चिरलेला ओठ वाकवून सरळ होत नाही, तुटतो.

ओठ बिघडतात कशानं? बहुतेक वेळा पडण्यानं. रेंजवरच्या सिमेंटच्या फरशीवर .२२चं मॅगझिन ओठांवर पडलं की ते बाहेरून शाबूत दिसतं आणि दुसऱ्या दिवसापासून राउंड उडवायला लागतं. दुसरं कारण पक्कड. ते तर सांगून झालं.

रिकामं मॅगझिन, रिकामी रायफल

ली-एनफिल्डच्या घडणीत मॅगझिनचं पुढचं टोक आधी आत जातं, मग मागचा भाग तळहातानं वर दाबायचा, कॅच लागेपर्यंत. सरळ वर ठोकलं तरी बसल्यासारखं वाटतं. निम्मे लोक तसंच ठोकतात.

खट्ट वाजल्यावर खाली ओढून बघा, जोरात. सुटलं तर कॅच धरत नाही. धरलं तर दोन बोटांनी पुढे-मागे, डावी-उजवी हलवा. थोडं हलणं हा दोष नाही; ज्यांना खणखणीत घट्ट मॅगझिन हवं असतं ते बहुतेक बिघाड स्वतः तयार करतात. बघायचं ते वर-खाली हलणं. मागची बाजू वर-खाली खेळत असेल तर काडतुसाची उंची दर वेळी वेगळी राहणार, आणि बोल्टला ते कधी सापडणार, कधी नाही.

आता कॅचबद्दल एक इशारा, आणि हा वाचून सोडून देऊ नका. या जुन्या घडणीत मॅगझिनच्या कॅचला जागेवर ढकलणारी व्ही आकाराची स्प्रिंग आणि ट्रिगरच्या सिअरला, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत गोळी सुटू न देणाऱ्या तुकड्याला, ताण देणारी स्प्रिंग ही एकच आहे. एक टोक कॅचवर, दुसरं सिअरवर. 'कॅच ढिला झालाय, स्प्रिंग जरा उघडतो' म्हणून कुणी ती वाकवली तर त्यानं मॅगझिन दुरुस्त केलं नाही, ट्रिगर बिघडवला. रायफल आपटली तर सुटू शकते. कॅचला घरी हात लावायचा नाही, मग तो कितीही सोपा दिसो.

कॅच लागतच नसेल तर मॅगझिन कुठे अडतंय ते शोधायचं, आणि त्याला उत्तम साधन म्हणजे पाच रुपयांचा खडू किंवा काळा मार्कर. मॅगझिनच्या चारही बाजूंना वरच्या अर्ध्या भागावर खडू घासा, अलगद बसवा, काढा. जिथला खडू पुसला गेला तिथे ते घासतंय. पेटीच्या पुढच्या कोपऱ्यावर लोखंडाला लोखंड घासल्याची रेघ दिसेल तर गोष्ट कारागिराची. पण खडू लाकडाला लागला असेल, म्हणजे दस्त्याच्या कापलेल्या खोबणीत पांढरी पुसट रेघ उमटली असेल, तर दोष मॅगझिनचा नाही. लाकूड फुगलंय.

हे आपल्याकडे फार होतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे चार महिने हवेतच पाणी असतं. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलेल्या रायफलीचं लाकूड दिवाळीपर्यंत फुगलेलं असतं. होळीला तेच मॅगझिन आपोआप बसतं आणि मालक म्हणतो, तेल पाजल्यानं फरक पडला. उलट माण-खटावकडे उन्हाळ्यात लाकूड आकसतं, ट्रिगर गार्डचे स्क्रू ढिले पडतात, आणि मॅगझिन डुगडुगायला लागतं. लाकूड किसायची घाई करू नका. कोरड्या खोलीत, उभी, आठ-पंधरा दिवस ठेवा आणि परत खडू लावा.

नकली काडतुसानं

इथे खरी परीक्षा. ड्रिल राउंड किंवा स्नॅप कॅप म्हणतात ती, आत दारू नाही, टोपी नाही, अंगाला भोक किंवा वेगळा रंग. .२२साठी विक्रेत्याकडे मिळतात. .३१५साठी शोधावं लागतं, विक्रेत्याला आधी सांगून ठेवा. जिवंत काडतूस उघडून घरी नकली बनवायचं मनातही आणू नका, आणि 'फक्त भरून बघतो, झाडत नाही' म्हणत जिवंत काडतुसानं टेबलावर प्रयोग करू नका. नकली मिळाली नाहीत तर ही पायरी कारागिराकडे करून घ्या.

भरण्याची पद्धत .३१५वाल्यांनी नीट शिकावी. रिम असलेल्या काडतुसांत वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. मंगलोरी कौलं एकावर एक कशी चढवतात, प्रत्येकाची कड पुढे, तसं. बोल्ट वरचं काडतूस पुढे ढकलतो. त्याची रिम खालच्याच्या मागे राहिली असेल तर ते खालच्यालाही ओढतं आणि दोघं मिळून अडतात. तक्रार येते 'मॅगझिन जाम'. मॅगझिन बिचारं ठणठणीत असतं. .३०-०६ बोअरच्या काडतुसाला बाहेर रिमच नाही, ते वापरणाऱ्यांना ही काळजी नाही. .२२ला मात्र आहे, आणि घाईत भरणाऱ्या पोरांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं.

एक नकली काडतूस भरा, बोल्ट सावकाश पुढे न्या, जिथे अडेल तिथे थांबा आणि बघा. जोर लावायचा नाही. अडलेल्या जागेतच उत्तर असतं.

बोल्ट काडतुसाच्या वरून निघून गेला तर मॅगझिन खाली बसलंय किंवा स्प्रिंग दमलीय. कोणतं ते कळायला एक साधी युक्ती. तळहातानं मॅगझिनला खालून वर दाबून धरा आणि परत बोल्ट चालवा. आता उचललं? मग उंचीचा प्रश्न, कॅच आणि खाचेत शोधा, ओठांना हात लावू नका. आण्णांच्या रायफलीचं असंच होतं. दाबूनही उचललं नाही तर स्प्रिंग किंवा प्लॅटफॉर्म.

गोळीचं टोक चेंबरच्या खालच्या कडेला आपटलं तर काडतूस पुढून उठत नाही: पुढचे ओठ आवळलेले, किंवा मॅगझिनचं पुढचं टोक खाली लोंबतंय. टोक वर उडून चेंबरच्या माथ्याला लागलं तर उलट, ओठ फाकलेत आणि काडतूस वेळेआधी सुटतंय. एकाच्या जागी दोन सुटली तरी फाकलेलेच ओठ. मॅगझिन पूर्ण भरल्यावर पहिलंच काडतूस जड जातं आणि एक कमी भरलं की सुरळीत, असं असेल तर स्प्रिंग चुकीची बसलीय का बघा. तोवर एक कमी भरून चालवलं तरी काही बिघडत नाही. शेवटचं एकच अडत असेल तर प्लॅटफॉर्म कलतोय. मधलंच, दर वेळी तिसरंच अडत असेल, तर आधी रिम बघा आणि मग त्या उंचीवरचा पोचा.

आता तेच वेगानं. काही दोष सावकाश बोल्टला दिसत नाहीत आणि काही वेगाला. रेंजवर तुम्ही बोल्ट जसा मारता तसाच मारा, पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहा. आठवणीवर राहू नका. "कधी कधी अडतं" या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. "पाच वेळांत तीनदा, दुसरं काडतूस, टोक खाली" असं सांगितलंत तर कारागीर हसून म्हणेल, ठेवा, संध्याकाळी न्या.

काडतूस सोडून देऊ नका

सगळे मॅगझिनला दोष देतात, काडतुसाकडे कुणी बघत नाही. जुनी, बऱ्याच वर्षांची केएफ शिक्क्याची, म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, .३१५ काडतुसं असतात. पितळेवर हिरवट थर चढलेला असतो. तो थर ओठांशी घासतो आणि मॅगझिनमध्ये उतरतो. अशी काडतुसं घासून-पुसून चकचकीत करत बसू नका, विक्रेत्याला दाखवा आणि ताजी घ्या.

.२२च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. एप्रिलमध्ये साताऱ्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत डबी राहिली की ते मऊ होतं, त्यावर धूळ बसते, आणि मॅगझिनच्या आत काळा चिकट लगदा तयार होतो. चांगल्या मॅगझिनच्या निम्म्या तक्रारी त्या लगद्याच्या असतात. कोरडी चिंधी, आईस्क्रीमची काडी, फार तर थोडं तेल लावून परत कोरडं पुसणं. तेलात बुडवून ठेवलेलं मॅगझिन म्हणजे धुळीला आमंत्रण. खटावकडचा माणूस तेलाचा हात आखडताच ठेवील तर बरं.

एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. मॅगझिन तेच ठेवून काडतूस बदला. मग काडतूस तेच ठेवून मॅगझिन बदला, त्याच रायफलीचं दुसरं असेल तर. दोन्ही एकदम बदललीत आणि चाललं, तर काय सुधारलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

रेंजवर, आणि कारागिराकडे

जिवंत काडतुसाची चाचणी फक्त अधिकृत रेंजवर, रेंज अधिकाऱ्याला आधी सांगून. उसाच्या फडात नाही, घाटात नाही. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एक, मग दोन, मग पूर्ण. अडलं तर रायफल खाली निशाण्याच्या दिशेनंच ठेवून हात वर करा. अडलेलं काडतूस चाकूच्या टोकानं उचकणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

कारागिराकडे जाताना रायफल, तिची सगळी मॅगझिन, मूळ परवाना आणि तुमची वही. 'ओठ वाकवा' असं जाऊन सांगू नका. लक्षण सांगा, उपाय त्याला ठरवू द्या. आणि एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: काही घासायचंच झालं तर आधी मॅगझिन, रायफलीची बॉडी नाही. मॅगझिन दुसरं मिळतं. बॉडी गेली की परवान्यावरचा नंबरच भंगारात गेला. चांगला कारागीर हे न सांगता करतो. तुम्ही सांगितल्याचा त्याला राग आला तर दुसरा बघा.

जास्त काडतुसांचं मोठं मॅगझिन लावून द्या म्हणणारेही भेटतात. ज्या रायफलीला कारखान्यानं जेवढ्याचं दिलं तेवढंच. पाच काडतुसांत ज्याचं भागत नाही त्यानं रेंजवर जास्त वेळ द्यावा.

ठेवताना आणि जमा करताना

घरात मॅगझिन रिकामं ठेवा. स्प्रिंग भरून ठेवल्यानं दमते की नाही यावर आर्मरर लोक रात्र काढतात. मला त्या वादात पडायचं नाही, रिकामं ठेवायचं कारण वेगळं आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून कोरडं पुसायचं. गोणपाट, जुनं ब्लँकेट, रेक्झिनची म्यान यांत ओल धरते. तिथेच ओठांच्या आतल्या वळणात गंज सुरू होतो, जिथे चिंधी पोहोचत नाही.

आणि निवडणुकीआधी कुणाची हत्यारं जमा करायची ते ठरवणाऱ्या छाननी समितीचा आदेश येऊन हत्यार जमा करायची वेळ आली तर पावतीवर रायफलीच्या नंबरासोबत 'मॅगझिन १ नग, रायफलीला लावलेलं' असं लिहून घ्या. मॅगझिनवर खूण असेल तर तीही. परत घेताना तिथेच बघा, रिकामी रायफल, रिकामं मॅगझिन, लावून, ओढून. मॅगझिनच्या तळाला नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो. कोरायचं नाही, ठोकायचं नाही; ठिपका फक्त.

तात्यांचं मॅगझिन परवानाधारक कारागिरानं ओठ बसवून परत दिलं, पण अजून पाचातलं एखादं अडखळतं. नवीन मागवलंय. तोवर ते चार भरून चालवतात. दोघांच्या मॅगझिनवर आता ठिपके आहेत, आण्णांचं लाल, तात्यांचं हिरवं, आण्णांच्या सुनेच्या बाटलीतले. आणि आण्णांची ती पक्कड तात्यांनी पंप दुरुस्तीला म्हणून नेली ती अजून परत केलेली नाही.